मांड्यांच्या खापराचा दिवा

मुलगी बघायला म्हणून मी अमळनेरला गेलो, त्या दिवशी माझ्या तोंडावर कांजिण्या उठल्या होत्या. खऱ्या नव्हेत. चैत्रातली दुपार, झळा आत येऊ नयेत म्हणून खिडक्या लावलेल्या, आणि मला ज्या खुर्चीत बसवलं तिच्या नेमका वर एक दिवा लोंबत होता. तो दिवा म्हणजे पूर्वाश्रमीची गव्हाची चाळण. तिच्या भोकांतून उतरलेले उजेडाचे शेकडो ठिपके माझ्या कपाळावर, गालांवर आणि मुद्दाम कोरून आणलेल्या मिशीवर पडले होते. मला कोण सांगणार? मी आपला ऐटीत बसलेलो. मुलीने पोह्यांची बशी पुढे करताना एकदा वर पाहिलं आणि चटकन मान खाली घातली. मी समजलो, लाजली. लग्नानंतर तिने खरं काय ते सांगितलं. "मला वाटलं, आजारातून उठून आलेत. म्हटलं, अंगात बळ नसताना शब्द पाळायला आले, माणूस चांगला असेल."

ती चाळण टांगली होती माझ्या सासूबाईंनी. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणू लागलो. सासरे, म्हणजे आबा, एका तेलगिरणीत वजनकाट्यावर होते. गिरणीतले पोचे पडलेले तेलाचे चौकोनी डबे घरी यायचे आणि अक्कांच्या हाताखालून दिवे होऊन बाहेर पडायचे. त्या घरात एकही दिवा जन्माने दिवा नव्हता. स्वयंपाकघरात बूड गेलेली तांब्याची कळशी, देवघरात पुरणयंत्राची जाळी, ओसरीवर तेलाचा डबा, आणि जिन्यात एक ॲल्युमिनियमचं दुधाचं कॅन, ज्याच्या अंगावर अक्कांनी इतकी बारीक वेलबुट्टी ठोकली होती की जिना चढणारा माणूस दोन पायऱ्या चुकायचाच. मी तर तीन चुकलो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा. जुन्या वस्तूचा शोभेचा दिवा करणं हे आता मासिकांत छापून येतं. अक्कांनी असलं मासिक कधी पाहिलं नव्हतं. टाकायला जीव होत नाही आणि वापरता येत नाही, अशी वस्तू घरात पडून राहिली की त्यांना चैन पडत नसे, एवढंच.

त्यांचं काम पाहणं हा माझा सासुरवाडीतला मुख्य उद्योग होता. जावयाला दुसरं काय काम असतं? डबा आधी राखेने घासून उन्हात ठेवायचा. मग बोरी नदीची वाळू भिजवून त्यात ठासून भरायची, अगदी काठोकाठ. पत्रा आतून रिकामा असला तर खिळा ठोकताना चेपतो. वाळू आतून पाठ देते. हे त्यांना कोणी शिकवलं असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "पहिले चार डबे चेपले, त्यांनी शिकवलं." मग रांगोळीचा ठिपक्यांचा कागद. आपल्या बायका दारात रांगोळी काढायला भोकं पाडलेला कागद वापरतात ना, तोच. तो डब्याभोवती गुंडाळून दोऱ्याने बांधायचा, आणि ठिपक्या-ठिपक्यावर खिळा. खाली जाड खिळा, वर सरकताना बारीक, म्हणजे उजेड वर जाताजाता विरळ होतो. एका भोकाला दोन ठोके. तिसरा ठोका मी कधी ऐकला नाही.

वाळू ओतून टाकली, कडा दुमडल्या, होल्डर बसवला की मग परीक्षा. खोली बंद करायची, पायाखाली पाट घ्यायचा, पायांत आबांच्या रबरी चपला घालायच्या आणि बटण दाबायचं. आम्ही सगळे माना वर करून दिव्याकडे बघायचो. अक्का एकट्या भिंतीकडे बघत असायच्या. दिवा कसा दिसतो याच्याशी त्यांना काही घेणं नव्हतं. तो भिंतीवर काय पाडतो ते त्या बघायच्या. एखादं फूल तिथे तिरकं पडलं की डबा पुन्हा वाळूत.

गल्लीतल्या बायका आपापल्या घरातलं थकलेलं सामान त्यांच्याकडे आणायच्या. एकीने तिच्या वारलेल्या सासूची किसणी आणली होती. "घ्या अक्का. जिती व्हती तवय बोटं सोली मारी, आते उजेड तरी पाडू द्या तिले." अक्का मात्र लगेच हात लावायच्या नाहीत. "काम संपलं ना हिचं?" असं त्या विचारायच्या. बाई म्हणायची, "बठ्ठं काम व्हयी गयं तिनं." तरी अक्का ती किसणी आठ दिवस तशीच ठेवायच्या, बाईचं मन फिरलं तर परत नेता यावी म्हणून.

एवढं डोळ्यांनी पाहिल्यावर कोणालाही वाटेल, त्यात काय, मीही करीन. मला तर नक्कीच वाटलं. मी धुळ्याला एका कचेरीत कारकून होतो आणि आमचं बिऱ्हाड दोन खोल्यांचं. तिथे मी माझ्या जुन्या जेवणाच्या डब्याचा दिवा केला. वाळू भरायचा कंटाळा केला. घरमालकांनी पाहून मनापासून विचारलं, "साहेब, डब्यावर गोळ्या कोणी झाडल्या?" बायकोने तो न्हाणीघरात टांगला, कारण तिथे पाहुणे बसत नाहीत. मी खचलो नाही. खचायला आधी अक्कल लागते.

आता माझ्या आईकडे वळतो. आई नरडाण्याजवळच्या आमच्या गावी असायची. तिच्या हातचे मांडे तीन गावांत नावाजलेले, आणि तिची जीभ पाच गावांत. लग्नातली रोषणाई पाहून ती मला म्हणाली होती, "दिवे सुरेख करतात तुझ्या सासूबाई. हाताला चव आहे का, ते आखाजीला कळेल." आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा आमच्याकडचा दिवाळीहून मोठा सण. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, पितरांची घागर भरली जाते आणि घरोघर मांडे होतात. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला अमळनेरहून आईलाही जेवायचं आवतण होतं.

आईचं ते वाक्य अमळनेरला कोणी पोचवलं असेल? मीच. गंमत म्हणून सांगितलं. अक्का हसल्या नाहीत. "येऊ द्या विहीणबाईंना," एवढंच म्हणाल्या. पण बायकोने नंतर सांगितलं की त्या महिन्यात घरात दोनदा पुरण शिजलं, सण नसताना. ज्या बाईने दिव्यासाठी कधी कोणाची शाबासकी मागितली नाही, ती एका मांड्यासाठी जीव टाकत होती. लेकीला सासरी कोणी "आईने काय शिकवलं?" म्हणू नये, हे त्यामागे होतं. हे सगळं मला कळत होतं, हे मुद्दाम लिहून ठेवतो. म्हणजे पुढे मी जे केलं ते न कळून केलं, असं कोणी म्हणायला नको.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी एस.टी.ने अमळनेरला पोचलो. आबा गिरणीत. अक्का आणि बायको बाजारात. शेजारच्या काकूंनी किल्ली दिली, चहा दिला आणि मला माझ्या दैवावर सोडून त्या गेल्या. मी मागच्या अंगणात गेलो. नळाशेजारी अक्कांचा कारखाना होता: चार डबे, एक फुटकी बादली, दोन चाळण्या. त्या रांगेच्या शेवटी एक मातीची वस्तू उन्हात पालथी पडलेली. मोठी, घुमटासारखी, वरून तेलकट, आतून काजळीने कोळसा झालेली. मला वाटलं, काय सुंदर आकार आहे! आणि किती वाईट अवस्था!

खानदेशाबाहेरच्या वाचकांना सांगतो. आमच्याकडे पुरणाचा मांडा तव्यावर भाजत नाहीत. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत परातीएवढा पातळ करायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायचा. नवं खापर मांडा धरून बसतं, सोडतच नाही. वर्षानुवर्षं तेल पिऊन मुरलं की मग मांडा अल्लद सुटतो. म्हणून जुन्या खापराला बायका जिवापाड जपतात, आणि सणाआधी तेल लावून उन्हात ठेवतात.

हे मला आज माहीत आहे. तोवर मी जन्मभर एका बैठकीला पाच-पाच मांडे खाल्ले होते, पण ते ज्याच्यावर होतात ती वस्तू चुलीवरून उतरल्यावर कशी दिसते, हे बघायला कधी आत गेलो नव्हतो. आमच्याकडचे बहुतेक पुरुष याच बोटीतले नव्हेत, याच पाटावरचे.

मी ठरवलं, अक्कांना चकित करायचं. आणि या वेळी कंटाळा करायचा नाही, सगळं त्यांच्या पद्धतीने. आधी ते खापर विटकरीच्या भुकटीने घासलं. आतली काजळी काढली, वरचा तेलकट थर काढला. निघता निघत नव्हता, पण मी चिकाटी सोडली नाही. खालून लालसर माती दिसली तेव्हा मला भरून आलं. मग ओली वाळू ठासली, रांगोळीचा कागद बांधला, आणि आबांचं लाकडाला भोक पाडायचं गिरमिट घेऊन बसलो. मातीला खिळा चालणार नाही एवढी अक्कल मला होती, याचा अभिमान वाटला. एक, दोन, पाच, दहा. एकोणीस भोकं पाडली आणि एकही चीर गेली नाही. आयुष्यात इतकं नीट काम मी त्याआधी केलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

दार वाजलं. दोघी पिशव्या घेऊन आत आल्या. मी खापर दोन्ही हातांनी उंच धरलं.

बायकोच्या हातातली पिशवी खाली पडली. "अहो! काय केलं हे? आमनं खापर शे ते! उद्याचं खापर!"

"उद्याचं म्हणजे?" मी विचारलं.

"मांड्यांचं! आजीपासूनचं!"

"गप," अक्का तिला म्हणाल्या. जावयाला बोलायची रीत नाही. पहिल्या आखाजीचा जावई म्हणजे तर पाहुण्यांतला पाहुणा. त्यांनी माझ्या हातून खापर घेतलं, उन्हाकडे धरलं, एकेका भोकातून पाहिलं. बराच वेळ. मग म्हणाल्या, "अंतर सारखं पडलंय." आणि पदराने तोंड पुसून, "जावाईबापू, चहा टाकू ना?"

तो चहा मी कसा प्यायलो ते विचारू नका. त्यापेक्षा त्यांनी गिरमिट फेकून मारलं असतं तर बरं.

कुंभाराकडे एक नवं खापर शिल्लक होतं, ते आणलं. गल्लीत कोणाचं मुरलेलं मागावं तर आखाजीच्या सकाळी प्रत्येकीची चूल पेटलेली असणार. आणि मागायचं तर कारण सांगावं लागणार. बायको म्हणाली, "सांगू या की काकूंना. त्या आधी आपल्याला देतील." अक्का म्हणाल्या, "नाही. गल्लीभर होईल. जावयाचं हसं करायचं नाही. मांडे बिघडले तर बिघडू देत." महिनाभराची एवढी धडपड त्यांनी अशी एका वाक्यात सोडून दिली, आणि ती कोणासाठी, तर ज्याने घात केला त्याच्यासाठी. मी कोपऱ्यात उभा राहून ऐकत होतो आणि विटकरीची भुकटी माझ्या नखांत होती.

दुसऱ्या दिवशी आई घरची घागर पहाटेच भरून, पुढचं थोरल्या सुनेवर टाकून, सकाळच्या पॅसेंजरने आली. दोन विहिणी समोरासमोर आल्या की त्या काळी घरात एक वेगळीच भाषा सुरू व्हायची. एरवी दोघीही अस्सल अहिराणी बोलणाऱ्या; पण समोरासमोर मात्र कलेक्टर तपासणीला आल्यासारखं मराठी.

"प्रवास सुखाचा झाला ना, विहीणबाई?"

"हो, गर्दी विशेष नव्हती. आपली प्रकृती बरी आहे ना?"

मला स्वयंपाकघराच्या दारात पाट मांडला होता, आईला भिंतीशी. अक्कांनी पहिला मांडा हातांवर घेतला. काय तो हात! गोळा या कोपरावरून त्या कोपरावर सरकत गेला, पसरत गेला. आरपार दिवस दिसेल इतका पातळ झाला. आईने पाहिलं. तिच्या भुवया किंचित वर गेल्या, आणि आमच्या घरात हे फार मोठं बक्षीस समजतात. मग तो मांडा खापरावर पडला आणि बसला तो बसलाच. उलथन्याने काढायला गेलं तर मधोमध फाटला, पुरण जळून धूर झाला. दुसरा तसाच. तिसऱ्याचे चार तुकडे.

आई म्हणाली, "खापर नवं दिसतं?"

"हो."

"आखाजीला नवं चढवलंत?"

अक्का चुलीत लाकूड सारत होत्या. "जुनं फुटलं."

"सणाच्या तोंडावर?" आईचा तो सूर मला लहानपणापासून ठाऊक होता. तो सूर लागला की पुढचं वाक्य वर्षभर टिकतं. अक्कांनी मान वर केली नाही. बायको माझ्याकडे बघत होती. मला बोलावंच लागलं.

"फुटलं नाही, आई. मी भोकं पाडली."

"कशाला?"

"त्याचा... दिवा करायला."

आई म्हणाली, "आण इकडे." मी मागून खापर आणून तिच्यापुढे ठेवलं. तिने ते फिरवून पाहिलं, अंगठा त्या घासलेल्या मातीवरून फिरवला. मुरलेलं खापर म्हणजे काय हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझं लग्न झालंय, मला नोकरी आहे, हे मी क्षणभर विसरलो.

"आणि तुम्ही फुटलं म्हणालात," ती अक्कांना म्हणाली.

"जावई आहेत," अक्का म्हणाल्या.

आई उठली. पदर खोचला, हात धुतले आणि सरळ चुलीपाशी जाऊन बसली. विहिणीने विहिणीच्या घरी, आवतणाच्या दिवशी, चुलीला हात लावायचा? असं कोणी पाहिलं नव्हतं. अक्का घाबरल्याच. "अहो, हे काय, तुम्ही बसा..."

"सरक वं माय," आई म्हणाली. कलेक्टर गेले होते. "कांदा दे अर्धा. आन् तेल."

कांदा तेलात बुडवून तिने तापलेल्या खापरावर चोळला. धूर निघाला. पुन्हा चोळला. अक्कांनी मिठाचं पाणी शिंपडलं. आई म्हणाली, मीठ नको. अक्का म्हणाल्या, मन्ही माय मीठच टाके. दोघींची त्यावर चांगलीच जुंपली, आणि जुंपली असतानाच चौथा मांडा पडला, पाचवा पडला. अक्का मांडा हातांवर फिरवायच्या, आई जाळ सांभाळायची. सहावा एका कडेने सुटला.

तेवढ्यात शेजारच्या काकू रसाची वाटी घेऊन आत आल्या आणि दारातच थबकल्या. विहीणबाई चुलीपुढे, तोंडाला काजळी! बातमी संध्याकाळपर्यंत पार स्टेशनपर्यंत पोचली असती. काकूंनी विचारलंच, "हे काय, पाहुण्यांना कामाला लावलं का अक्का?"

अक्का काही बोलणार, त्याआधी आईने हातातलं उलथनं खाली ठेवलं. "मी शिकायला बसलीये," ती म्हणाली. "एवढा पातळ मांडा आमच्या तीन गावांत कोणाला फिरवता येत नाही. बघा तरी."

माझ्या आईने असं वाक्य कोणाबद्दल उच्चारलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. ते खरं होतं, म्हणूनच तिला जड गेलं असणार. अक्कांच्या हातावरचा मांडा क्षणभर थांबला, मग पुन्हा फिरू लागला. नववा अख्खा सुटला. खालून सोनेरी, चंद्राएवढा गोल. आईने तो अक्कांच्याच ताटात ठेवला. फाटकेतुटके सगळे माझ्याकडे आले, आणि मी ते निमूट खाल्ले. रसात बुडवल्यावर फाटका काय नि अख्खा काय.

जेवणं झाल्यावर मी मागच्या अंगणात तोंड लपवून बसलो होतो. अक्का ते भोकं पडलेलं खापर घेऊन आल्या, मागोमाग आई. अक्का नळापाशी बसल्या, खापर मांडीत घेतलं.

"येडा शे का तू?" त्या म्हणाल्या.

मी दचकलो. लग्नाला वर्ष होत आलं होतं, त्या बाईने मला "तुम्ही"खाली कधी उतरवलं नव्हतं.

"विचारता येत नही? तोंड नही तुले? रांगमा ठेवं म्हणजे टाकाऊ शे का? आणि भोकं पाडी, ती पाडी, वर एक नही! गरम हवा कोठून जाई? होल्डर वितळी जाई, घर पेटाडशी तू!" त्या बोलत राहिल्या. घासल्याबद्दल बोलल्या, गिरमिटाबद्दल बोलल्या, न्हाणीघरातल्या त्या डब्याबद्दलही बोलल्या, जो त्यांनी एकदाच पाहिला होता आणि ज्याबद्दल तोवर चकार शब्द काढला नव्हता. आई शेजारी बसून मधूनमधून म्हणत होती, "बोला, आणखी बोला. मी थकले याला बोलून." बायको दाराच्या चौकटीला टेकून हसत होती.

मला इतकं हलकं वाटत होतं की काय सांगू.

दम लागला तेव्हा अक्का थांबल्या. मग खापर पालथं वाळूत घट्ट बसवलं, दोन्ही हातांनी धरलं आणि वरच्या टोकावर खडूने एक ठिपका केला.

"घे गिरमिट. आठे पाड."

मी बसलो. फिरवू लागलो. मातीची लाल भुकटी त्यांच्या हातांवर पडत होती. आई वाकून बघत होती.

"हळू," अक्का म्हणाल्या. "आजून हळू."